घरातली समई, मुलाची रात्रीची भीती आणि देवाची शस्त्रसामग्री

मोगरा_इंदूर | शुक्रवार, रात्री ११:४०

सगळ्यांना सलाम. तीन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. ह्यांचे पणजोबा नगरकडून इथे कॅनेडियन मिशनच्या कामाला आले आणि इथलेच झाले. पणजीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेरची एकच वस्तू जवळ ठेवली, पितळेची समई. तिच्या टोकाला हंस होता. तो काढून पणजोबांनी कसेरा बाजारातून छोटा पितळी क्रूस करवून बसवला. आटे नीट जुळले नाहीत, त्यामुळे क्रूस आजही किंचित डावीकडे कललेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री आणि ईस्टरच्या पहाटे सासूबाई ती समई लावतात, पाच वाती घालून. बाकी वर्षभर ती कपाटावर असते.

आता मुद्द्याचं. मुलगा सतरा वर्षांचा आहे, भंवरकुआँला नीटच्या क्लासला जातो. दिवाळीपासून रात्री तीनच्या सुमाराला त्याला जाग येते आणि हलता येत नाही. छातीवर कोणीतरी बसलंय, दाराशी कोणीतरी उभं आहे, असं वाटतं. ओरडायला जातो तर आवाज फुटत नाही. मग घामाघूम होऊन आमच्या खोलीत येतो. एवढा वाढलेला मुलगा माझ्या पायाशी गोधडी टाकून झोपतो, हे बघवत नाही.

एका प्रार्थना-गटातले भाऊ घरी आले होते. त्यांनी घरभर फिरून समईवर बोट ठेवलं. म्हणाले, ही मूर्तिपूजेच्या घरातून आलेली वस्तू आहे, हिच्यातून दुरात्म्यांना दार उघडलंय, आजच्या आज बाहेर काढा. जाताना उंबऱ्याला लावायला तेलाची बाटली दिली आणि पाचशे रुपये अर्पण सांगितलं. मी दिले. समई जुन्या चादरीत गुंडाळून बाल्कनीत ठेवली आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

मी रोज मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, देवाच्या शस्त्रसामग्रीचा उतारा, म्हणते. देवाच्या संरक्षणाचं स्तोत्र ९१ लिहिलेला कागद त्याच्या उशीखाली आहे. तरी तो उठतोच. काल तर दोनदा उठला. माझा विश्वास कमी पडतोय का? प्रभूचं संरक्षण म्हणजे नक्की काय, आणि त्या समईचं मी काय करू?

---

भिया_छावणीवाला | शुक्रवार, रात्री ११:५८

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण इंदूरचा आहे, तेव्हा शेजारधर्म म्हणून लिहितो. समई टाकू नका. निदान आज रात्री तरी नको. बाल्कनीत दव पडतंय, पितळ काळं पडेल. बाकी जाणकार सांगतीलच.

---

दीपस्तंभ_७ | शनिवार, सकाळी ६:१५

ताई, त्या भावांनी पैसे घेतले ते चूकच. 'तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या' असं प्रभूने शिष्यांना बजावलं होतं (मत्तय १०). पण त्यांचं म्हणणं अगदी उडवून लावू नका, अशी कळकळीची विनंती.

माझे वडील गावात भगत होते. लोक त्यांच्याकडे करणी उतरवायला, दृष्ट काढायला यायचे. आमच्या घरात लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं असायचं: बिब्बे, काळे दोरे, ताईत, मोरपिसांचा कुंचा. आम्हा मुलांना त्याला शिवायची परवानगी नव्हती. वडील प्रभूकडे आले तेव्हा त्यांनी ते गाठोडं स्वतःच्या हाताने अंगणात जाळलं. त्यानंतर तीन रात्री त्यांना झोप लागली नाही. अंगाला कापरं भरायचं, कोणीतरी हाका मारतंय म्हणायचे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि हे डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं जाळली, पन्नास हजार चांदीच्या नाण्यांच्या किमतीची. विकून पैसे केले नाहीत, जाळली. काही वस्तूंना जाऊ देण्यातच सुटका असते.

---

पानोपान | शनिवार, सकाळी ९:३०

दीपस्तंभदादा, तुमच्या वडिलांची गोष्ट वाचून थांबलो थोडा वेळ. तीवर शंका घ्यायची माझी इच्छा नाही. पण तोच अध्याय नीट पाहू या.

इफिसच्या लोकांनी जाळलं ते स्वतः वापरत असलेलं साहित्य. ज्याच्या जोरावर ते पैसा आणि धाक मिळवत होते, ते. तुमच्या वडिलांनीही तेच केलं. मोगराताईंच्या समईने कोणाची करणी केली? ज्या घरात ती नाताळला लागते, तिथे ती येशूच्या जन्माची आठवण म्हणून लागते. प्रेषित पौल करिंथकरांना सांगतो की मूर्ती जगात काहीच नाही. पुढे लगेच असंही सांगतो की ज्याचं मन दुबळं आहे त्याला ठेच लागेल असं वागू नका. म्हणजे मुलाला स्वतःला समईची भीती वाटत असेल, तर काही दिवस ती बाजूला ठेवण्यात गैर नाही. पण तिला दुरात्म्यांचं दार ठरवणं ही निराळी गोष्ट झाली.

आणि त्याच अध्यायात स्किवा नावाच्या माणसाचे सात मुलगे आहेत. येशूचं नाव मंत्रासारखं वापरून ते भूत काढायला गेले. त्या आत्म्याने विचारलं, येशूला ओळखतो, पौलाची माहिती आहे, पण तुम्ही कोण? आणि मार खाऊन ते उघडे, जखमी असे पळाले. इफिस हे जादूटोण्याचं शहर होतं, हे लक्षात ठेवून शस्त्रसामग्रीचा उतारा वाचला की त्याचा सूर बदलतो. ताईत, मंत्र, नावं यांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांना पौल सांगतोय की तुमचा आधार सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण आणि देवाचं वचन हा आहे. यातलं काहीही उशीखाली ठेवता येत नाही, उंबऱ्याला फासता येत नाही.

ताई, स्तोत्र ९१ बद्दल एक सांगतो, राग मानू नका. अरण्यातल्या परीक्षेत सैतानाने प्रभूला जे वचन ऐकवलं ते याच स्तोत्रातलं होतं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील. म्हणजे हे स्तोत्र सैतानाला पाठ आहे. कागद पाहून तो घाबरत नाही. ते स्तोत्र ज्याच्या सावलीविषयी बोलतं त्याच्याजवळ बसायचं असतं.

---

वसईची_पोर | शनिवार, सकाळी १०:०५

आमच्या चर्चमध्ये तर प्रत्येक मोठ्या सणाला वेदीजवळ समई असते! १९६९ साली भारतातल्या कॅथलिक मंडळींना उपासनेत काही देशी गोष्टी घ्यायची परवानगी रोमहून मिळाली. बारा मुद्दे होते, त्यात मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा हाही एक. त्यामुळे समईतून सैतान येतो हे ऐकून मला धक्काच बसला. माझ्या नानीने सगळं आयुष्य समईच्या उजेडात रोजरी म्हटली.

दुसरं. आमच्याकडे भूत काढणं हे कोणाही भावाने घरात शिरून करायचं काम नाही. बिशपने स्पष्ट परवानगी दिलेल्या धर्मगुरूलाच तो विधी करता येतो, आणि आधी आजार तर नाही ना हे तपासून घ्यायचं असतं. विधीचं सुधारलेलं पुस्तक १९९९ मध्ये आलं, त्यातही हीच सावधगिरी आहे. नियम कोरडे वाटतात, पण घाबरलेल्या आईला कोणी पाचशे रुपयांना लुटू नये म्हणूनच ते असतात.

---

निशिगंध | शनिवार, दुपारी १:२०

मोगराताई, मी बडोद्याला मनोविकारतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं ओळखीचं आहे की गप्प बसवत नाही.

स्वप्नं पडतात त्या झोपेत आपले स्नायू सैल, जवळजवळ निश्चल होतात. शरीराची ती सोयच आहे, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरंच पलंगावरून उठून धावेल. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर काही क्षण किंवा एखाद-दोन मिनिटं तसंच जखडलेलं राहतं. डोळे उघडे, खोली दिसते, पण हात उचलत नाही. श्वास कोंडल्यासारखा, छातीवर वजन असल्यासारखं वाटतं आणि खोलीत कोणीतरी आहे याची पक्की खात्री असते. जगभर लोकांनी याला चेटकीण, भूत, म्हातारी अशी नावं दिली. अपुरी झोप, वेळी-अवेळी झोपणं, ताण, उताणं झोपणं यांनी हे वाढतं.

आता मला सांगा: तो किती वाजता झोपतो? रात्री कॉफी, चहा? मोबाइल? क्लासच्या परीक्षांचं कसं चाललंय? आणि एक प्रश्न आईने एकटीने, शांतपणे विचारायचा: जगणं नकोसं वाटतं का? विचारल्याने असला विचार मनात शिरत नाही. विचारल्याने मुलाला बोलायला जागा मिळते. गरज वाटली तर टेलि-मानस १४४१६ या सरकारी नंबरवर दिवसरात्र कोणाशीही बोलता येतं, फुकट.

प्रार्थना थांबवा असं मी म्हणत नाही. डोक्यावरचा आईचा हात हे औषधच आहे. फक्त तो हात ठेवताना तुम्ही स्वतः थरथरत असाल, तर मुलापर्यंत ती थरथर आधी पोचते.

---

दीपस्तंभ_७ | शनिवार, दुपारी २:४५

डॉक्टरताई, तुमचा आदर आहे. पण सगळंच मेंदूवर ढकललं तर शुभवर्तमानाची अर्धी पानं फाडावी लागतील. प्रभूने आजारी बरे केले आणि भुतंही काढली. दोन्ही वेगळी लिहिली आहेत.

---

निशिगंध | शनिवार, दुपारी ३:१०

दोन्ही वेगळी लिहिली आहेत, अगदी मान्य. म्हणूनच आजाराला भूत म्हणू नये. एवढंच माझं म्हणणं.

---

ग्वाल्हेरची_मावशी | शनिवार, सायंकाळी ५:३०

दोघांचंही पटतं, म्हणून माझ्या आत्याची गोष्ट सांगते.

मी लहान असताना आत्याच्या अंगात यायचं. केस सोडून घुमायची, पुरुषी आवाजात बोलायची. सासरी तिला झाडूने मारलं, मिरच्यांची धुरी दिली. शेवटी माहेरी आणून टाकलं. आमच्या पाळकसाहेबांनी काय केलं सांगू? रोज संध्याकाळी पाळकीणबाई आत्याजवळ येऊन बसायच्या. तिच्या केसांना तेल लावायच्या, वेणी घालायच्या आणि हळू आवाजात भजन म्हणायच्या. घुमायला लागली तरी त्या उठायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, 'येशू इथे आहे, मी इथे आहे.' असं कितीतरी महिने चाललं. मग एका संध्याकाळी आत्या रडली आणि सासरी तिच्यावर काय गुदरलं ते बोलली. लिहिण्यासारखं नाही ते. त्यानंतर अंगात येणं हळूहळू कमी होत थांबलं.

ते भूत होतं की दुःख होतं, मला आजही सांगता येणार नाही. पण जे काही होतं, ते पाळकीणबाईंच्या फणीपुढे टिकलं नाही, हे मात्र मी पाहिलंय.

---

मोगरा_इंदूर | शनिवार, सायंकाळी ६:०२

मावशी, वाचताना रडू आलं. डॉक्टरताई, रात्री मुलाशी बोलते. तो दीडनंतर झोपतो आणि साडेपाचला उठतो. क्लासमधली मुलं कधी रात्री सराफ्यात खायला जातात, तेव्हा तर दोन वाजतात. मला वाटायचं की मेहनत करतोय.

---

पहारेकरी | शनिवार, रात्री ९:१५

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता महूला असतो. इफिसकरांचा सहावा अध्याय उपदेशात खूप ऐकला आहे. दरवेळी तलवारीवर जोर असतो. सैतानावर चाल करा, त्याला बांधा, त्याला हाकला. मी शिपाई म्हणून वाचतो तेव्हा मला दुसरंच दिसतं.

त्या उताऱ्यात चाल करण्याचा हुकूम कुठे आहे, दाखवा. टिकाव धरा, प्रतिकार करा, टिकून राहा, उभे राहा, हेच फिरून फिरून येतं. हा पहाऱ्यावरच्या संत्रीला दिलेला हुकूम आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर आम्हाला काय शिकवत? झुडपात खसखस झाली की जागेवरून 'थम, कौन आता है' म्हणायचं. सावलीमागे धावत सुटायचं नाही. शत्रूला तेच हवं असतं, की तू तुझी जागा सोडावीस. जो संत्री प्रत्येक आवाजामागे पळतो तो पहाटेपर्यंत थकून जातो, आणि खरा शत्रू पहाटेच येतो.

पुढच्या चौकीवर आम्ही बूट घालून झोपायचो. पहिल्या आठवड्यात पायांना फोड यायचे, नंतर सवय व्हायची. पौल 'शांतीच्या सुवार्तेची सिद्धता पायी चढवा' म्हणतो तेव्हा मला ते बूट आठवतात. शांती ही अंगवळणी पडलेली हवी. हाक आल्यावर नाडी शोधत बसायला वेळ नसतो. मोगराताई, तुम्ही रात्री तीनला वचन शोधता. दिवसा, सगळं ठीक असताना, घरात काय बोललं जातं? मी दोष देत नाही. माझ्या घरी मी हे फार उशिरा शिकलो.

आणि शेवटचं, रात्रीचा पहारा दोघांचा असतो. एकट्या माणसाला अंधारात झाडही माणूस दिसतं. तुमच्या लिहिण्यात सगळीकडे 'मी' आहे. मी हात ठेवते, मी म्हणते, मी पैसे दिले. साहेब कुठे आहेत? सासूबाई कुठे आहेत? मंडळी कुठे आहे?

---

पानोपान | शनिवार, रात्री १०:००

सुभेदारसाहेब, सलाम. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. त्या उताऱ्यातल्या सगळ्या आज्ञा अनेकवचनी आहेत. मराठीत 'तुम्ही' आदरार्थी असल्यामुळे आपण तो एकट्यासाठी वाचतो, मूळ ग्रीकमध्ये ते थेट साऱ्या मंडळीला उद्देशून आहे. ढालीसाठी तिथे जो शब्द आहे तो दारासाठीच्या शब्दावरून आलेला आहे, म्हणजे दारासारखी उंच ढाल. रोमी शिपाई असल्या ढाली एकमेकांना भिडवून पुढे सरकायचे. शेजाऱ्याची ढाल आपलीही बाजू झाकायची.

आणि ही शस्त्रं आधी कोणाची, हेही पाहा. यशया ५९ मध्ये नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो. पौल तेच आपल्या अंगावर चढवायला सांगतो. आपला विश्वास किती जाड आहे यावर संरक्षण ठरत नाही, अंगावर कोणाचं कवच आहे यावर ठरतं. ताईंच्या 'माझा विश्वास कमी पडतोय का' या प्रश्नाला माझं उत्तर हे.

---

केडगावची_लेक | रविवार, दुपारी १:००

उपासनेहून आले आणि हा धागा सलग वाचला. आमच्या केडगावची आठवण न काढता राहवत नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थनेत असायच्या. ते सगळे सांगतात. पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना बरोबर घेऊन आल्या. त्या मुलींना विकायला, नासवायला टपलेली माणसं वाटेवर होती. अंधाराशी झगडणं म्हणजे काय हे पाहायचं तर त्या प्रवासात पाहावं. त्यांना न्हाऊमाखू घालणं, खाऊ घालणं, अक्षर शिकवणं आणि प्रार्थना, सगळं एकाच बैठकीतलं. हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या बाई होत्या त्या, वचनाची तलवार त्यांच्याइतकी कोणी परजली?

---

भिया_छावणीवाला | रविवार, दुपारी १:४०

अवांतर, पण कॅनेडियन मिशन म्हटल्यावर राहवत नाही. १८८७ सालचं आमचं ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचं. किशोरकुमार तिथे शिकले. माझे आजोबाही तिथलेच, आणि त्यांना बायबलचा तास फार आवडायचा. 'आपल्या शत्रूंवर प्रीती करा' हे वाक्य त्यांनी आमच्या वाटणीच्या भांडणात मोठ्या काकांना ऐकवलं होतं. काका म्हणाले, 'आधी तू कर, मग मी शिकतो!' दोघे हसले आणि भांडण तिथेच थांबलं.

---

वसईची_पोर | रविवार, दुपारी २:०५

भियादादा, तुम्ही हसवता हसवता नेमक्या जागी आणून सोडलंत.

तुमच्याच भागातली सिस्टर राणी मारिया. उदयनगरच्या आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायचं काम करायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये तिचा खून झाला. नंतर तिची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधून आली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

देवाने तिला वाचवलं नाही, असं कोणी म्हणेल. मी बरीच वर्षं तेच म्हणत होते आणि चिडत होते. मग आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही हे त्याच सहाव्या अध्यायातलं वचन त्या राखीजवळ ठेवून वाचलं. बहिणीने त्या माणसाला शत्रू ठरवलं असतं तर सैतानाला एकीऐवजी दोन बहिणी मिळाल्या असत्या. द्वेषाने भरायला टपलेलं एक मन त्याच्या हाती लागलं नाही. संरक्षण झालं ते तिथे. तुम्हाला हे अपुरं वाटेल कदाचित. मलाही काही रात्री अपुरं वाटतं. पण खोटं वाटत नाही.

---

दीपस्तंभ_७ | रविवार, रात्री ८:३०

माझ्या वडिलांच्या त्या तीन रात्रींबद्दल एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ते थरथरत होते तेव्हा मंडळीतली दहा-बारा माणसं आमच्या अंगणात शेकोटी करून रात्रभर बसली होती. टाळ होते, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होती. आई सगळ्यांना गुळाचा चहा देत होती. मला आजवर वाटत होतं की गाठोडं जाळल्याने वडील सुटले. सुभेदारसाहेबांचं वाचल्यापासून ती माणसं डोळ्यांपुढे येत आहेत.

वस्तूंबद्दलचं माझं मत अजून बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ताई, तुमच्या मुलासाठी आज रात्री तीन वाजता मी उठून प्रार्थना करणार आहे. नाव नको, प्रभूला ठाऊक आहे.

---

पहारेकरी | रविवार, रात्री ८:४०

मीही. तीनचा पहारा आपला दोघांचा.

---

ग्वाल्हेरची_मावशी | रविवार, रात्री ८:५५

साडेतीनपासून मी घेते. तशीही झोप लागत नाही.

---

मोगरा_इंदूर | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

उशीर झाला, क्षमा करा. इथे उत्तर लिहिण्याआधी घरी बरीच उत्तरं द्यायची होती.

रविवारी रात्री मुलाशी बोलले. डॉक्टरताईंनी सांगितलेला प्रश्नही विचारला. माझा आवाज लटपटत होता. तो म्हणाला, 'मरावंसं नाही वाटत आई, पण उठावंसं वाटत नाही.' दिवाळीनंतरच्या दोन परीक्षांत तो त्याच्या बॅचमध्ये अगदी खाली गेला आहे. निकालाचे मेसेज त्याने माझ्या फोनवरून पुसून टाकले होते. आणि समईबद्दल त्याने जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसले. ते भाऊ येऊन गेल्यापासून त्याला दाराशी उभं असलेलं कोणीतरी आणखी स्पष्ट दिसायला लागलं होतं. आधी मुख्यतः छातीवर वजन वाटायचं. त्याची भीती घालवायला मी ज्यांना बोलावलं, त्यांनी ती वाढवून ठेवली. आणि मी पाचशे रुपये दिले.

मंगळवारी हे सुट्टी घेऊन त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. झोपेचं वेळापत्रक आखून दिलंय, अकरानंतर मोबाइल आमच्या खोलीत. समुपदेशन सुरू होईल. क्लास सोडायचा की नाही ते त्यानंतर ठरवू. या आठवड्यात दोनदा त्याला जाग आली. दुसऱ्या वेळी तो आमच्याकडे आला नाही. म्हणाला, 'मला माहीत होतं की हे सुटेल, म्हणून मनात आमच्या बापा ही प्रार्थना म्हणत पडून राहिलो. वाइटापासून सोडव पर्यंत आलो आणि बोट हललं.'

सुभेदारकाका, 'सासूबाई कुठे आहेत' हे तुम्ही विचारलंत ते मला लागलं होतं. मी तुम्हाला मनातल्या मनात उत्तरं देत होते दोन दिवस. बुधवारी त्यांच्या खोलीत गेले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'समईचं काय एवढं, पितळ आहे ते. तू मला न विचारता परक्या माणसाचं ऐकलंस, ते टोचलं.' मग त्यांनी सांगितलं की पणजीबाईंना बाप्तिस्म्यानंतर माहेरच्यांनी उंबरा बंद केला होता. ही समई त्यांच्या आईने गुपचूप गड्याच्या हाती पाठवली होती, हंसासकट. पणजीबाईंनी ती कधी फेकली नाही, कारण ती आईची शेवटची खूण होती. हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

समई बाल्कनीतून आत आली आहे. भियादादा, दवाने खरंच काळी पडली होती. आज संध्याकाळी सासूबाई आणि मुलगा वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्या चिंचेच्या कोळाने घासत होत्या, तो आटे फिरवून एकेक भाग जोडत होता. क्रूस सरळ बसवायला त्याने आट्यांवर दोरा गुंडाळून पाहिला. दोन मिनिटं सरळ राहिला, मग पुन्हा डावीकडे गेला. सासूबाई म्हणाल्या, 'राहू दे रे, तो तसाच असतो.'

नाताळला अजून तीन आठवडे आहेत, पण आज त्यांनी एक वात लावली. दीपस्तंभदादा, तुमचं मत मला माहीत आहे. तुमची तीन वाजताची प्रार्थना चालू राहू द्या.

---

दीपस्तंभ_७ | शुक्रवार, रात्री १०:३१

चालू आहे, ताई. आज रात्रीही.